न थांबणारे प्रोग्रॅम आणि लॅबमधला ऑटोग्रेडर

गणपतीच्या सुट्टीआधीचा आठवडा म्हणजे चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॉलेजांत सबमिशनची घाई. एका संध्याकाळी सत्तर-ऐंशी जणांच्या फायली येऊन पडतात आणि ग्रेडर, म्हणजे मुलांचे प्रोग्रॅम आपोआप चालवून गुण देणारा प्रोग्रॅम, रात्रभर चालू ठेवून सगळे घरी जातात. सकाळी पाहावं तर तो रोल नंबर १४ वरच अडकलेला असतो. त्या मुलाचा लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) संपत नाही आणि बाकीचे सगळे त्याच्यामागे रांगेत. असं होणारच आहे हे धरूनच ग्रेडर बांधावा लागतो.

कोणताही प्रोग्रॅम नुसता वाचून तो थांबेल की नाही हे दर वेळी अचूक सांगणारी पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये सिद्ध केलं. त्यामुळे आपल्या हातात उरतं ते घड्याळ: ठरलेल्या वेळेत थांबला तर ठीक, नाहीतर मारायचा. पण नुसतं ‘वेळ संपली, शून्य गुण’ लिहून चालत नाही. प्रोग्रॅम खरोखर लूपमध्ये फिरत होता, की फक्त हळू होता, की कशाची तरी वाट बघत बसला होता, की आपल्याच टेस्टमध्ये किंवा सर्व्हरमध्ये गडबड होती? या चारही गोष्टींत बाहेरून दिसतं एकच, प्रोग्रॅम थांबला नाही. त्या वेगळ्या काढणं हे ग्रेडरचं काम आहे, कारण त्यावर कुणाचे तरी गुण ठरतात.

आधी आपलं इनपुट तपासा

न थांबणाऱ्या प्रोग्रॅमचं कारण अनेकदा टेस्टच्या फाइलमध्येच सापडतं. डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलला मेन्यू-ड्रिव्हन प्रोग्रॅम ठरलेला असतो. समजा प्रश्न हापूसच्या पेट्यांच्या साठ्याचा आहे: १ पेटी भरा, २ पेटी विका, ३ साठा दाखवा, ४ बाहेर पडा. इनपुट फाइलमध्ये १, १२, २, ५, ३ असे आकडे आहेत आणि शेवटचा ४ लिहायचा राहून गेला. आता काय होतं ते बघा. पेट्या भरल्या १२, विकल्या ५, साठा दाखवला ७. मग आकडे संपले. सी भाषेत इनपुट वाचणारा स्कॅनएफ आता वजा एक परत करतो, म्हणजे ‘इनपुट संपलं’, पण ‘चॉइस’ या व्हेरिएबलला हात लावत नाही. त्यात मघाचा ३ तसाच आहे. म्हणून प्रोग्रॅम पुन्हा साठा दाखवतो, मेन्यू छापतो, पुन्हा साठा दाखवतो, आणि कुणी मारेपर्यंत हेच चालू राहतं. मुलाने घरी कीबोर्डवर चालवला तेव्हा स्कॅनएफ वाट बघत थांबायचा, त्यामुळे त्याला हे कधी दिसलंच नाही.

म्हणून मेन्यूच्या प्रत्येक टेस्टचं इनपुट ‘बाहेर पडा’ या पर्यायानेच संपवा. इनपुट मध्येच संपलं तर प्रोग्रॅमने काय करायचं तेही प्रश्नपत्रिकेत एका ओळीत लिहा. हे तपासायचंच असेल तर त्यासाठी वेगळी टेस्ट ठेवा आणि तिचे गुण आधी जाहीर करा. आकड्याऐवजी अक्षर दिल्यावरही सी मध्ये असंच होतं. स्कॅनएफ शून्य परत करतो, अक्षर इनपुटमध्येच पडून राहतं आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच समोर येतं.

पायथॉनमध्ये याचाच भाऊबंद असतो. ‘व्हाइल ट्रू’ या न संपणाऱ्या लूपच्या आत ट्राय, त्यात इनपुट घेऊन इंटमध्ये बदलणं, बरोबर आलं तर ब्रेक, आणि खाली कोणताही एरर न नेमलेला, म्हणून सगळेच पकडणारा उघडा ‘एक्सेप्ट’, ज्यात ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं छापलेलं. इनपुट संपल्यावर ईओएफएरर येतो, उघडा एक्सेप्ट तो गिळतो आणि लूप पुन्हा वर जातो. ‘एक्सेप्ट व्हॅल्यूएरर’ लिहिलं असतं तर प्रोग्रॅम लगेच एरर देऊन थांबला असता. हा मुद्दा वर्गात एकदा फळ्यावर करून दाखवला तर पुढच्या वेळी टाइमआउट कमी येतात.

आणखी एक नियम, त्याला अपवाद नको: मुलाच्या प्रोग्रॅमचं स्टँडर्ड इनपुट (प्रोग्रॅम जिथून वाचतो ती वाट) कधीही मोकळं सोडू नका. ते फाइलमधून द्या; देण्यासारखं काही नसेल तर नल डिव्हाइसला, म्हणजे वाचायला गेलं की लगेच संपणाऱ्या रिकाम्या फाइलला, जोडा. ग्रेडर पाइपमधून (दोन प्रोग्रॅमना जोडणाऱ्या नळीतून) इनपुट देत असेल तर लिहून झाल्यावर पाइप बंद करा. बंद केला नाही तर इनपुट संपेपर्यंत वाचणारा अगदी बरोबर लिहिलेला प्रोग्रॅमही जन्मभर वाट बघेल, आणि दोष त्याच्या माथी जाईल.

घड्याळं दोन हवीत

एक घड्याळ सीपीयू-वेळेचं, म्हणजे प्रोसेसरने या प्रोग्रॅमसाठी खरोखर किती काम केलं त्याचं. दुसरं भिंतीवरच्या घड्याळासारखं, सुरुवातीपासून किती वेळ गेला ते सांगणारं. एकच ठेवलं तर फसायला होतं. फक्त सीपीयू-वेळ मोजली तर झोपलेला किंवा अडकून बसलेला प्रोग्रॅम कधीच पकडला जात नाही, कारण तो काम करतच नाही. फक्त भिंतीवरची वेळ मोजली तर सर्व्हरवर गर्दी असताना चांगल्या प्रोग्रॅमचाही बळी जातो.

सीपीयू-वेळेसाठी शेलमधला (कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममधला) यूलिमिट पुरतो. टी हा पर्याय सेकंदांत मर्यादा घालतो. पण ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रॅमला) वेगळी लागते, म्हणजे फोर्क करून, स्वतःची प्रत काढून, निघालेल्या पोराला नवं खातं मिळतं. सगळ्यांची मिळून बेरीज हवी असेल तर लिनक्सचे सीग्रुप, म्हणजे प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालायची सोय, वापरावे लागतात. भिंतीवरच्या वेळेसाठी ‘टाइमआउट’ ही कमांड आहे. तिला मुख्य मर्यादा द्या, उदाहरणार्थ १० सेकंद, आणि ‘के’ या पर्यायाने वरचे २ सेकंद. १० सेकंदांनी सिगटर्म हा सिग्नल जातो, म्हणजे ‘आवरतं घे’. तरीही जिवंत असेल तर २ सेकंदांनी सिगकिल, जो कोणत्याही प्रोग्रॅमला अडवता येत नाही.

दोन्ही आकडे मिळाले की निदान बरंच सोपं होतं. भिंतीवर १० सेकंद आणि सीपीयूचे ९.८, म्हणजे लूप फिरतोय किंवा अल्गोरिदम फार हळू आहे. भिंतीवर १० आणि सीपीयूचे ०.०२, म्हणजे प्रोग्रॅम कशाची तरी वाट बघतोय. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये हे फार दिसतं. मुलाने पाइप केला, फोर्क केला, पण वाचणाऱ्या प्रोसेसने पाइपचं लिहायचं टोक बंद केलं नाही. लिहिणारं टोक कुठेतरी उघडं असेपर्यंत वाचणाऱ्याला ‘संपलं’ असा निरोप मिळत नाही. थ्रेडच्या प्रॅक्टिकलमध्ये दोन थ्रेडनी (एकाच प्रोग्रॅममधल्या समांतर धाग्यांनी) दोन म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारी कुलपं) उलट क्रमाने घेतले की तसंच होतं. अशा मुलाला ‘तुझा लूप तपास’ म्हणून सांगितलं तर तो दोन दिवस भलत्या जागी शोधत बसेल.

एक्झिट कोडवर, म्हणजे संपताना प्रोग्रॅम देतो त्या आकड्यावर, एकट्यावर विसंबू नका. टाइमआउट कमांड मुदत संपल्यावर १२४ देते, सिगकिलपर्यंत गेलं तर १३७. पण मेमरी संपल्यामुळे कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) मारलं तरी १३७च येतो, आणि मुलाचा प्रोग्रॅम स्वतःहून १२४ परत करू शकतो. ग्रेडरने स्वतः मोजलेली वेळ आणि सीग्रुपमधली मेमरीची नोंद बघूनच शेरा लिहा.

मारायचा तर मुळासकट

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पायथॉनमध्ये दुसरा प्रोग्रॅम चालवणाऱ्या सबप्रोसेसच्या ‘रन’ला टाइमआउट दिला की तो मुदतीनंतर थेट पोराला मारतो, नातवंडांना नाही. मधे शेल असेल किंवा मुलाने फोर्क केला असेल तर खरा लूप फिरवणारी प्रोसेस मागे जिवंत राहते. निकाल ‘वेळ संपली’ असा नोंदला जातो, पण प्रोसेसरचा एक कोर कायमचा अडतो. असे चार जण साठले की चार कोरच्या मशीनवर पुढचे सगळे हळू होतात आणि त्यांनाही टाइमआउट येऊ लागतात. रोल नंबर ४० नंतर सगळेच नापास होत असतील तर मुलांना दोष देण्याआधी चालू प्रोसेस दाखवणारं ‘टॉप’ उघडून मागे काय उरलंय ते बघा.

उपाय: प्रत्येक सबमिशन नव्या सेशनमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या वेगळ्या गटात, सुरू करा (पायथॉनमध्ये ‘स्टार्ट न्यू सेशन’ हा पर्याय खरा ठेवा) आणि मारताना पूर्ण प्रोसेस ग्रुपला सिगकिल द्या. यातूनही जो स्वतःचं वेगळं सेशन काढतो तो निसटतो. म्हणून एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक तपासणीला (समांतर खिडकीला) वेगळा युजर द्या, आणि टेस्ट झाली की त्या युजरच्या नावावरची प्रत्येक प्रोसेस मारून टाका. वेगळ्या युजरचा दुसरा फायदा असा की प्रोसेसच्या संख्येची यूलिमिट ही युजरमागे मोजली जाते. सगळे एकाच युजरवर चालवले तर एकाचा फोर्क-बाँब (स्वतःच्या प्रती काढत सुटलेला प्रोग्रॅम) शेजारच्याचाही फोर्क अडवतो. ही मर्यादा रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरला, लागू होत नाही; मुलांचा कोड रूट म्हणून चालवायचा नाही याला हेही एक कारण.

डॉकर, म्हणजे प्रोग्रॅमला वेगळ्या कंटेनरमध्ये बंद करून चालवणारं साधन, वापरत असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बाहेरून ‘डॉकर रन’ला टाइमआउट लावून ती कमांड सिगकिलने मारली तर मरतो फक्त क्लायंट, कंटेनर चालूच राहतो. सिगटर्म आत पोहोचतो, पण कंटेनरमधली पहिली प्रोसेस म्हणजे पीआयडी १. तिने स्वतः हँडलर (सिग्नल आल्यावर काय करायचं ते सांगणारा भाग) लावला नसेल तर कर्नल तो सिग्नल सोडून देतो. तेव्हा टाइमआउट कंटेनरच्या आत लावा, ‘इनिट’ पर्याय द्या (म्हणजे पीआयडी १ ची जागा सिग्नल पुढे पोहोचवणारी छोटी प्रोसेस घेते), कंटेनरला नाव द्या आणि मुदतीनंतर बाहेरून ‘डॉकर किल’ त्या नावाने करा. सोबत प्रोसेसची मर्यादा ६४, मेमरी २५६ एमबी, नेटवर्क बंद. जावासाठी दोन्ही आकडे वाढवावे लागतात, कारण जेव्हीएम (जावाचे प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) स्वतःचेच बरेच थ्रेड उघडतं. जावावर यूलिमिटने व्हर्च्युअल मेमरी बांधायला जाऊ नका. जेव्हीएम पत्ते भरपूर राखून ठेवतं आणि सुरूच होत नाही. हीपची, म्हणजे प्रोग्रॅमच्या डेटाच्या मेमरीची, मर्यादा त्याच्याच पर्यायाने द्या.

हे सगळं स्वतः लिहायची हौस नसेल तर आयसोलेट घ्या. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडच्या स्पर्धा-यंत्रणेत वापरलेला हा सँडबॉक्स (प्रोग्रॅमला कोंडून चालवणारं साधन) दोन्ही घड्याळं, मेमरी आणि प्रोसेस सांभाळतो आणि निकाल वेगळ्या फाइलमध्ये लिहून देतो. कॉलेजात मूडल (ऑनलाइन शिकवण्याची यंत्रणा) असेल तर व्हीपीएल किंवा कोडरनर या प्लगइनमध्ये मर्यादा भरायची सोय आहे. तिथेही आकडे ठरवायचे तुम्हालाच.

फंक्शन पातळीवर युनिट टेस्ट घेत असाल तर त्याच प्रोसेसमध्ये अलार्म लावून भागवू नका. पायथॉनमध्ये अलार्मने फेकलेला एरर मुलाचा उघडा एक्सेप्टच गिळून टाकतो, आणि जावात अडकलेला थ्रेड बाहेरून खात्रीने मारता येत नाही. एक टेस्ट, एक प्रोसेस.

आउटपुटचा पूर

छापत सुटलेला लूप काही सेकंदांत डिस्क भरू शकतो. फाइलच्या आकाराला मर्यादा घाला किंवा आउटपुट वाचताना १ एमबीनंतर वाचणं थांबवून प्रोसेस मारा. प्रॅक्टिकलच्या उत्तराला त्याहून जास्त जागा क्वचितच लागते. याचा शेरा ‘वेळ संपली’ असा नको, ‘आउटपुट मर्यादेबाहेर’ असा वेगळा ठेवा.

याच्या उलट अडचण जास्त घातक आहे, कारण ती दिसत नाही. लिनक्सवर पाइपची क्षमता मुळात ६४ केबी असते. ग्रेडर आधी प्रोग्रॅम संपायची वाट बघतो आणि मग आउटपुट वाचतो, असा लिहिला असेल तर ६४ केबी भरल्यावर मुलाचा प्रोग्रॅम लिहिताना थांबतो आणि ग्रेडर तो संपण्यासाठी. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. छोट्या टेस्ट पास आणि मोठ्या आउटपुटच्या सगळ्या टाइमआउट, तेही सीपीयू-वेळ जवळपास शून्य, असं दिसलं तर हेच समजा. वाचणं आणि थांबणं एकाच वेळी करणारं पायथॉनचं ‘कम्युनिकेट’ वापरा किंवा आउटपुट सरळ फाइलमध्ये घ्या.

मारलेल्या प्रोग्रॅमने तोवर काय छापलं ते मुलाला दाखवायचं असतं, पण सी मध्ये स्क्रीनऐवजी पाइप किंवा फाइल असली की छापलेलं आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) साठतं आणि सिग्नलने मेल्यावर तिथेच जातं. मुलगा म्हणतो ‘सर, मी तर पहिल्याच ओळीला प्रिंट केलंय’, आणि ते खरंही असतं. सी साठी ‘एसटीडीबफ’ लावून ओळीगणिक बफर रिकामा करा. पायथॉनला ‘यू’ पर्याय द्या.

मर्यादा किती ठेवायची

आपलं नमुना उत्तर त्याच मशीनवर, त्याच कंपायलर पर्यायांनी, सगळ्यात मोठ्या टेस्टवर पाच वेळा चालवा. सगळ्यात जास्त आलेली वेळ धरा. सी साठी तिच्या चौपट, पण २ सेकंदांपेक्षा कमी नाही. पायथॉन आणि जावासाठी त्या-त्या भाषेतलंच नमुना उत्तर हवं. सी च्या वेळेवरून अंदाज बांधू नका. भिंतीवरची मर्यादा सीपीयूच्या तिप्पट ठेवा. अल्गोरिदमच्या वेगाला गुण असतील तर मुद्दाम हळू, पण मान्य असं एक उत्तर आणि अमान्य असं एक उत्तर लिहून दोन्ही चालवा. दोघांच्या वेळांत किमान पाचपट अंतर पडेल इतकी टेस्ट मोठी करा आणि मर्यादा मधे ठेवा. अंतर कमी असेल तर निकाल नशिबावर जातो.

एकूण वेळेचाही हिशोब करा. ७२ मुलं, १२ टेस्ट, ५ सेकंद: सगळेच अडकले तरी ४,३२० सेकंद, म्हणजे ७२ मिनिटं. हे परवडतं. ६० सेकंदांची मर्यादा ठेवली तर तेच साडेचौदा तासांच्या घरात जातं. लहान टेस्ट आधी घ्या. पण एक टेस्ट अडकली म्हणून बाकीच्या सोडून देऊ नका. रिकाम्या लिस्टवर अडकणारा प्रोग्रॅम उरलेल्या अकरा टेस्टमध्ये बरोबर असू शकतो, आणि ते गुण त्या मुलाचे आहेत.

कंपायलरचे पर्याय मुलांना आधीच सांगा. दहा जागांच्या ॲरेत अकराव्या जागी शून्य लिहिणारा लूप एका मशीनवर व्यवस्थित संपतो आणि दुसरीकडे त्याच शून्याने लूपचा काउंटर पुसला जाऊन कायमचा फिरतो. ‘माझ्याकडे चालतंय’ याचं कारण अनेकदा हेच असतं.

लाइट, उकाडा आणि घड्याळ

जून ते सप्टेंबर लाइट जाणार हे गृहीत धरा. प्रत्येक टेस्टचा निकाल झाल्याझाल्या डिस्कवर लिहा, रोल नंबर आणि टेस्ट नंबरासह. पुन्हा सुरू केल्यावर ग्रेडरने झालेलं सोडून पुढे जावं. लाइट गेली तेव्हा जी टेस्ट चालू होती तिला ‘पुन्हा चालवा’ असं लिहा, टाइमआउट कधीही नाही.

वेळ मोजताना तारखेचं घड्याळ वापरू नका. जुन्या डेस्कटॉपची सीमॉस बॅटरी (मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी) गेलेली असते, लाइट आल्यावर मशीन भलत्याच तारखेला उठतं, आणि पावसात गेलेलं नेट परत आलं की घड्याळ एकदम उडी मारतं. त्या क्षणी चालू असलेल्या टेस्टला काही वर्षं लागल्याची नोंद होऊ शकते. फक्त पुढेच जाणारं मोनोटॉनिक घड्याळ वापरा. ते पायथॉनच्या टाइम मॉड्यूलमध्ये आहे.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात बंद लॅबमधला सीपीयू तापला की आपला वेग उतरवतो. मग सीपीयू-वेळही वाढते, फक्त भिंतीवरची नाही. म्हणून दर वीस सबमिशननंतर नमुना उत्तर एकदा चालवा. ते नेहमीच्या दीडपट वेळ घेऊ लागलं तर तपासणी थांबवा, मशीन थंड होऊ द्या आणि मधल्या वीस जणांचे टाइमआउट पुन्हा घ्या. समांतर खिडक्या खऱ्या कोरपेक्षा एक कमी ठेवा. हायपरथ्रेडिंगने दिसणारे दुप्पट कोर धरू नका.

शेवटी, टाइमआउट झालेली प्रत्येक टेस्ट मशीन मोकळं असताना एकदा एकटी, दुप्पट मुदतीत चालवा. तेव्हा पास झाली तर शेरा ‘हळू’, नाहीतर ‘ठरलेल्या वेळेत थांबला नाही’.

मुलाच्या हातात काय द्यायचं

मारण्याआधी एक सेकंद प्रोग्रॅम कुठे आहे ते विचारून घेता येतं, आणि शिकण्याच्या दृष्टीने या एका सेकंदाची किंमत फार मोठी आहे. पायथॉनच्या फॉल्टहँडलर मॉड्यूलमध्ये ठरावीक सेकंदांनी ट्रेसबॅक (प्रोग्रॅम कोणत्या ओळीवर आहे त्याची नोंद) लिहायची सोय आहे. ती घट्ट फिरणाऱ्या लूपमध्येही चालते. जावाला सिगक्विट पाठवला की ते सगळ्या थ्रेडची अवस्था छापतं आणि चालू राहतं. सी साठी ‘जी’ पर्यायाने कंपाइल करून जीडीबी (चालू प्रोग्रॅम तपासायचं साधन) जोडा आणि तशीच नोंद देणारा बॅकट्रेस घ्या. एकच झलक पुरत नाही. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन घ्या. दोन्ही त्याच लूपमध्ये सापडल्या तर ओळ नंबर सांगायला हरकत नाही.

मग शेरा असा जातो: ‘टेस्ट ३, इनपुट: रिकामी लिस्ट. ६ सेकंदांत प्रोग्रॅम थांबला नाही, सीपीयू ५.९ सेकंद. दोन्ही वेळा ओळ ४१ ते ४४ मध्ये होता. तोवर छापलेल्या शेवटच्या ५ ओळी खाली आहेत. लूपची अट खोटी कधी होते ते कागदावर करून बघा.’ यात ‘इन्फिनिट लूप’ असा निवाडा नाही हे लक्षात घ्या. सहा सेकंदांत थांबला नाही एवढंच आपल्याला माहीत आहे, आणि लिहायचंही तेवढंच.

ग्रेडरची स्वतःची परीक्षा

सेमिस्टर सुरू होण्याआधी मुद्दाम बिघडवलेले प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये ठेवा. रिकामा अनंत लूप. छापत सुटलेला लूप. नुसता झोपलेला. सिगटर्मकडे दुर्लक्ष करणारा. फोर्क करून बाप मरतो आणि नवं सेशन काढलेलं पोर फिरत राहतं, असा एक. फोर्क-बाँब. मेमरी खात जाणारा. २०० केबी बरोबर आउटपुट देऊन नीट संपणारा. मर्यादेच्या ऐंशी टक्के वेळ घेऊन बरोबर उत्तर देणारा. प्रत्येकासमोर अपेक्षित शेरा लिहा आणि ग्रेडरला तो जुळतो का बघा. शेवटचे दोन पास झालेच पाहिजेत. सगळं झाल्यावर मागे एकही प्रोसेस उरलेली नसावी आणि टेंप फोल्डर रिकामा असावा. मशीनवर नवं कर्नल, डॉकर किंवा कंपायलर चढवलं की हा फोल्डर पुन्हा चालवा, आणि तोवर मुलांची सबमिशन घेऊ नका.